बिनकुंपणाचं कोडं

ताडकळसच्या वाचनालयात बाजाराच्या दिवशी फळ्यावर आकड्यांचं कोडं लागायचं. जो सोडवील त्यानं पुढचं मांडायचं. आडव्या-उभ्या ओळीत आकडा पुन्हा नको आणि रेघेनं कुंपण घातलेल्या घरांची बेरीज दिलेली. आज पाळी मेंढरांमागं फिरणाऱ्या भिवराबाईची होती. वाचनालयाचे दिनकरराव हसले. “बाई, बेरजा लिहिल्या, कुंपणं राहिली.” “राहिली न्हाईत, घातलीच न्हाईत. आमच्या मेंढरांभवतीचं जाळीचं वाघूर रोज नव्या रानात लागतं. ज्यानं त्यानं आपलं कुंपण हुडकावं.” “असलं कोडं नसतं,” म्हणत त्यांनी खडूनं रेघ ओढली. तिनं ती पदरानं पुसली. त्यांनी चिडून फळाच पुसला. भिवराबाईनं बाहेर येऊन वाघुराच्या मेखेनं भर बाजारात मातीवर बैलगाडीएवढी चौकट ओढली, बेरजा कोरल्या. माणसं डोईवरच्या पाट्या ठेवून कोड्यावर वाकली. दारातल्या दिनकररावांकडं मेख रोखून ती म्हणाली, “फळा तुमचा व्हता, मालक. आता भुई पुसा!”