भिंतीपलीकडच्या काकू

मी ट्रंपेट तोंडाला लावलं, की शेजारच्या काकू भिंत ठोकायच्या. त्यांना त्रास नको म्हणून मी खिडक्या लावल्या, कपाटात तोंड घालून वाजवलं, शेवटी ट्रंपेटमध्ये बाबांचा लोकरी मोजा कोंबला. तरी ठोकणं चालूच.

बागेतल्या कार्यक्रमात माझी पाळी आली. गाल दुखेपर्यंत वाजवलं, पण पुढच्या रांगेतले लोक कानामागे हात धरून बसलेले. घाईत मोजा आतच राहिला होता!



तेवढ्यात मागून काकूंचा खणखणीत आवाज आला, "अरे, मोठ्यानं वाजव की! घरी बरा जोर येतो तुला!"