साहेब गाडीने निघाले

टोलिडो शहर मागे पडलं तरी साहेब एक अक्षर बोलले नव्हते.

डेल्बर्ट ऊर्फ डेल नोवाक गाडी हाकत होता आणि मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होता. साहेब, ब्रॅकेटचा कारखाना तेवढा बंद करू नका. बायकोने आदल्या दिवशी त्याच्याकडून ते दहा वेळा म्हणून घेतलं होतं. लेक जोलीन कंपनीच्या त्याच कारखान्यात रंगकामाला होती, आणि जानेवारीत कुलूप लागणाऱ्या कारखान्यांत ब्रॅकेटचं नाव सगळ्यात वर आहे अशी बोलवा होती. नोकरीचा भरवसा नाही म्हणून पोरीने लग्न दोनदा पुढे ढकललं होतं.

तीस वर्षं या मोटार कंपनीच्या गाड्या चालवूनही डेलने तिच्या प्रमुखांना, थॉर्नबरी साहेबांना, फक्त फोटोत आणि टीव्हीवर पाहिलं होतं. आज तेच साहेब त्याच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, डेट्रॉइटहून वॉशिंग्टनला निघाले होते. तेही कंपनीच्या सगळ्यात छोट्या गाडीतून.

ही सगळी कृपा सिनेटर पेल्हॅम यांची. दोन आठवड्यांपूर्वी साहेब सरकारकडे मदत मागायला गेले ते खासगी विमानाने. सिनेटरने टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्यांची सालटी काढली. "जनतेपुढे हात पसरायला विमानातून येता? पुढच्या वेळी गाडीने या!" देशाने टाळ्या वाजवल्या. डेलनेही वाजवल्या होत्या, सोफ्यावर बसून.

मागच्या व्हॅनमध्ये मेरेडिथबाई होत्या. कंपनीची प्रसिद्धी त्या बघत. निघतानाच त्यांनी बजावलं होतं, "साहेबांना बोलतं करू नका. फोटो आम्ही लांबून काढू. पत्रकार दिसला की काच वर." डेलने मान डोलावली आणि बायकोचं वाक्य घट्ट धरून ठेवलं.

दुपारी ओहायोतल्या एका खानावळीत थांबले. वाढणाऱ्या बाईने साहेबांना बघून कंबरेवर हात ठेवले.

"अहो, तुम्हीच ना ते विमानवाले?"

"मीच तो," साहेब म्हणाले.

"आणि आमच्या कराच्या पैशातून पॅनकेक खाणार?"

"नाही हो. पॅनकेकचे पैसे माझ्या खिशातले. सिरप मात्र तुमच्या दयेवर."

बाईला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा मात्र तापलेलाच होता. "यंदा पगार किती घेणार म्हणे?"

"एक डॉलर."

"तोही जास्तच होतोय!"

"अगदी खरंय, आजोबा," म्हणत साहेब इतके मोठ्याने हसले की म्हाताऱ्याने त्यांना आपल्या ताटातला सॉसेज देऊ केला. साहेबांनी तो खाल्ला. जेवण झाल्यावर आपल्या बशा स्वतः रचून बाईच्या हातात दिल्या. खिडकीबाहेरून मेरेडिथबाईंच्या माणसाने धडाधड फोटो काढले.

डेल चाटच पडला. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो माणूस हा असा?

पिट्सबर्गच्या पुढे टायर पंक्चर झाला. डेल जॅक शोधेपर्यंत साहेबांनी बाह्या सरसावल्या होत्या. आठ मिनिटांत चाक बदलून ते हात पुसत उभे राहिले.

"साहेब, हे कुठे शिकलात?"

"तरुणपणी. अंगवळणी पडलं की विसरत नाही रे."

आता नाही तर कधीच नाही. डेलने डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "साहेब, ब्रॅकेटचा कारखाना तेवढा बंद करू नका. माझी पोर आहे तिथे."

साहेबांचा चेहरा एकदम उतरला. मागे वळून त्यांनी व्हॅनकडे पाहिलं. मेरेडिथबाई फोनवर होत्या.

"कोणत्या खात्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

"रंगकामात. दुसरी पाळी."

"अरेरे. भट्टीजवळ फार उकडतं तिथे."  मग त्यांनी डेलचा हात आपल्या काळ्या झालेल्या हातात धरला. "माझ्या हातात असेल ना डेल, तर ब्रॅकेटला कुलूप लागणार नाही. शब्द देतो."

ब्रॅकेटच्या भट्टीची उकड ज्याला ठाऊक आहे तो साहेब कसा खोटं बोलेल? डेलचे डोळे भरून आले. मोटेलवर पोचताच त्याने घरी फोन लावला. "काम फत्ते! खुद्द साहेबांनी शब्द दिलाय!" पलीकडे बायको किंचाळली, जोलीन रडली, आणि सकाळी तो दात घासत होता तेव्हा तिचाच फोन आला. लग्नाचा हॉल ठरला होता. जूनचा पहिला शनिवार.

दुसऱ्या दिवशी डेल शीळ घालत गाडी चालवत होता. साहेब मात्र पुन्हा गप्प झाले होते. मोठी माणसं, मोठे व्याप, डेलने समजून घेतलं. वॉशिंग्टन तीस मैलांवर आलं तेव्हा मेरेडिथबाईंनी मागून दिवे चमकवले, म्हणून त्याने हमरस्त्यालगतच्या थांब्यावर गाडी वळवली.

तिथे विमानतळावरून आलेली एक लांबलचक काळी गाडी उभी होती. तिचं दार उघडलं आणि थॉर्नबरी साहेब खाली उतरले. डेलने चमकून शेजारी पाहिलं. थॉर्नबरी साहेब शेजारीही बसलेले होते.

उतरलेल्या साहेबांच्या पाठोपाठ, दात कोरत, सिनेटर पेल्हॅम बाहेर आले.

"तुझ्या विमानातली कोळंबी झकास होती हं," ते साहेबांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "आता जरा केस विसकट, टाय सैल कर. दुपारी दोन वाजता मी तुला झापणार आहे. दोन दिवस गाडीत आखडल्यासारखा दिसायला हवास."

डेलच्या शेजारचा माणूस साहेबांसारखं दिसण्यासाठी चढवलेला चष्मा काढून मेरेडिथबाईंच्या हातात देत होता.

"शब्द मनापासून दिला होता रे," तो डेलकडे न बघता म्हणाला. "मला ब्रॅकेटमधूनच काढलंय, ऑक्टोबरात."