उलट्या बाजूची खाच

"डाव्या हाताने देऊ नकोस!" तात्याराव खेकसले. "भवानी व्हायचीय माझी अजून."

मिसबाने हात मागे घेतला नाही. "उजव्याने मला जमत नाही, तात्याकाका. तुम्ही चाकू बघा."

शनिवार पेठेतल्या त्या दुकानात तात्याराव चाळीस वर्षं घडीचे चाकू विकत होते. वडील शमशुद्दीन वारल्यावर मिसबा पहिल्यांदाच एकटी माल घेऊन आली होती. इथे माल खपला तर विश्रांतवाडीची त्यांची भट्टी चालणार, नाहीतर कायमची गार पडणार.

तात्यारावांनी काउंटरवर तीन चाकू मांडले. पहिला कारखान्यातला. "दिसायला अगदी नवरदेव, पण पातं आत्ताच डुगडुगतंय." दुसरा लोणीच्या एका लोहाराचा. "धार झकास. पण मिटल्यावर टोक बाहेर राहतं. खिशात मांडीच कापायची!"

तिसरा मिसबाचा. तो त्यांनी वीस वेळा उघडला-मिटला, सुतळी कापली, मनगटावरचे केस उडवले. खोट काही सापडेना, तसा त्यांचा पारा चढला.

"खाचसुद्धा बापाचीच उचललीस! नक्कल ती नक्कलच. माल घेतो, पण पात्यावरची ही बापाची चांदाची छाप घासून काढ. ती त्याच्या हाताला शोभायची."

"चांद काढून एक चाकू देणार नाही," मिसबा म्हणाली. "भट्टी गार पडली तरी बेहत्तर."

"काय हट्टी पोरगी आहे!" तात्यारावांनी खिशातून स्वतःचा चाकू काढला. "हा तुझ्या बापाचा, बारा वर्षं वापरतोय. त्याआधी शमशुद्दीनही चारचौघांसारखाच माल करायचा. मग एकाएकी नख लावायची खाच उलट्या बाजूला पाडायला लागला, आणि काय हात बसला म्हणतेस! उस्तादाची लहर." उघडताना त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख नेहमीप्रमाणे दोनदा घसरलं. "असा एक करून दाखव. मग चांदच काय, स्वतःचं नाव ठोक."

"शब्द फिरवणार नाही ना?"

"मी शब्द सहसा देतच नाही. दिला की दिला."

मिसबाने त्यांचा चाकू हातात घेतला. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख अलगद खाचेत बसलं आणि खट्कन पातं उघडलं.

"अब्बा सगळी कामं उजव्या हाताने करायचे, तात्याकाका."