कितवी आलीस?

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि साल दुष्काळाचं होतं. जिल्ह्याच्या शर्यतीत निलंग्याची रुद्राणी पहिली आली. दर वेळी तिच्या पुढं पळणारी शेजारची शहजादी या वेळी आलीच नव्हती. "भ्याली असंल," असं रुद्राणी परतताना एसटीत सगळ्यांना हसून सांगत होती.

गल्लीत टँकरपाशी शहजादी दोन घागरी घेऊन उभी दिसली.

"एक तुमची हाय," ती म्हणाली. "सकाळी मी स्टँडवर निघाले, तर तुझी आई पाण्याच्या रांगेत चक्कर येऊन पडलेली. घरी नेऊन निजवलं, आता बरी हाय. तुला कळवलं असतं तर तू गेलीच नसतीस. कितवी आलीस गं?"

रुद्राणीनं गळ्यातलं पदक मुठीत झाकलं.



"दुसरी."