अकरा दहाची

"झाड पडलंय रुळावर," विथून फोनवर म्हणाला. तोही ओरथाईसारखा गाईड. त्याची सहल गाडीतच अडकून पडली होती. "अकरा दहाची आता एकच्या आत काही हलत नाही. तू आपली निघ."

ओरथाईने फोन पिशवीत टाकला. रुळांवरच भरणाऱ्या बाजाराच्या तोंडाशी, तिच्या पिवळ्या झेंड्यामागे अकरा परदेशी पाहुणे कॅमेरे सरसावून उभे होते. साडेअकराला व्हॅन, बाराला तरंगत्या बाजाराची होडी. एकपर्यंत थांबायची सोयच नव्हती. आणि गाडी न बघता ही मंडळी परतली तर तक्रार ठरलेली. या महिन्यात दोन झाल्या होत्या. तिसरी झाली की घरी बसायचं, असं मालकाने हसत हसत सांगून ठेवलं होतं. हसत सांगितलेलं तो विसरत नसे.

लोक इतक्या लांबून येत ते एवढंच बघायला: शिट्टी झाली की रुळांवर झुकलेल्या ताडपत्र्या मागे मिटतात, टोपल्या आत सरकतात, गाडी सगळ्यांच्या पोटाला घासून जाते आणि बाजार पुन्हा रुळांवर येऊन बसतो. आज शिट्टीच होणार नव्हती, आणि बाजाराला अजून त्याचा पत्ता नव्हता.

पहिलं दुकान लमाय मावशीचं. मान मोडून टोपलीत बसवलेले वाफवलेले बांगडे ती पाठमोरी वाकून लावत होती. तिच्या ताडपत्रीचा बांबू ओरथाईच्या हाताशी होता.

आपण काय करतोय हे कळायच्या आत ओरथाईने तो मागे ओढला.

मावशीच्या पाठीवर ऊन आलं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. हातांनीच टोपल्यांची फळी आत ओढली. ते बघून शेजारच्या मिरचीवालीने आपली ताडपत्री मिटली, तिचं बघून टोमॅटोवाल्याने. गाडीकडे इथे कोणी बघत नाही, शेजाऱ्याकडे बघतात. बघता बघता स्टेशनापर्यंतचा सगळा बाजार मिटला आणि मधोमध रूळ लखलखीत उघडे पडले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कॅमेरे वर करून ते गाडीची वाट बघू लागले. दुकानदारही पाठ भिंतीला लावून, बांबू हातात धरून उभे राहिले.

कोणी हलेना. ओरथाईने यापुढचा विचारच केला नव्हता. तिला वाटलं होतं, मिटतील, फोटो निघतील, पुन्हा उघडतील. पण ताडपत्री उघडायची ती शेवटचा डबा नाकासमोरून गेल्यावर. इथे डबाच नव्हता. बाजार मिटायचा कसा हे सगळ्यांना ठाऊक होतं. उघडायचा कसा, ते गाडीखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

"गाडी कुठे आहे?" पाहुण्यांतल्या उंच म्हाताऱ्याने विचारलं.

"येईल," ओरथाई म्हणाली, आणि तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं.

कोथिंबीर माना टाकू लागली. मिरचीवालीने टोमॅटोवाल्याला विचारलं, "शिट्टी झाली होती ना रे?"

"तू मिटलंस म्हणून मी मिटलं."

"मी मावशीचं बघून मिटलं."

मावशीने आधी बांबूकडे पाहिलं, मग ओरथाईच्या हाताकडे. ओरथाईने हात पाठीमागे नेला.

"कितीला आहे गाडी?" मावशीने हळूच विचारलं.

"एकला. झाड पडलंय." ओरथाईने झेंडा खाली केला. "चुकलं माझं, मावशी. माझी नोकरी जाईल गं. सांगू का सगळ्यांना ओरडून?"

"सांग की. मग उद्यापासून तुझा झेंडा या रुळांवर कोणी येऊ देईल का?" मावशीने एका बांगड्याची पाठ चाचपली. उन्हाने कातडी सुटायला लागली होती. "माल तापतोय, पोरी. तू आणलीस ना गाडी? मग आता तूच घालव."

"म्हणजे कशी?"

"मला काय विचारतेस? मी मासे विकते."

ओरथाईने झेंडा वर केला, रुळांच्या मधोमध आली आणि पाहुण्यांना म्हणाली, "एकामागे एक या. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवा. आणि कृपा करून काही विचारू नका."

ते चालू लागले. कोणाला काही कळत नव्हतं, म्हणून सगळे अगदी शहाण्यासारखे चालत होते. मिरचीवालीने पोट आत घेतलं. टोमॅटोवाल्याने पायाची बोटं आखडली. ओरथाईचे कान तापले होते; आता कोणी तरी हसेल, आता कोणी तरी शिवी घालेल, या धास्तीने ती मान वर न करता रुळांखालचे स्लीपर मोजत चालली होती. तेवढ्यात मागे खर्रकन आवाज झाला. मावशीची ताडपत्री उघडली होती. मग मिरचीवालीची. मग टोमॅटोवाल्याची.

स्टेशन जवळ आलं तसा आवाज थांबला. ओरथाईने वळून पाहिलं. म्हातारा पाहुणा रांगेतून सुटून मागे राहिला होता. नारळवाल्यासमोर थबकून तो पुन्हा पुन्हा मागे उघडलेल्या बाजाराकडे बघत होता. नारळवाला बांबू धरून त्याच्या पुढे सरकण्याची वाट पाहत होता, आणि त्याच्यापुढचे सगळे त्याची.

"गाडी कुठे आहे?" म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं.

"गाईडबाई," नारळवाला ओरडला, "तुमचा शेवटचा डबा जरा पुढे घ्या. नारळ तापलेत."

ओरथाईने झेंडा काखेत धरला, दोन बोटं तोंडात घातली आणि लांबलचक शिट्टी मारली. म्हातारा दचकून पळत येऊन रांगेला लागला.