कात्रीचा अभिप्राय

बाबांची कविता कट्ट्यावर चढली तेव्हा लेक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आपल्या फोनवर बघत उभी होती आणि बाबा बाहेरच्या खोलीत फोन मांडीवर घेऊन बसले होते. मधे एक दार, तेही सताड उघडं.

"आली का गं?" त्यांनी विचारलं.

"आली, बाबा."

"कात्रीनं बघितली असेल?"

"आत्ताशी तर आलीय. धीर धरा जरा."

कट्टा म्हणजे हौशी कवींचं एक संकेतस्थळ. टोपणनाव घ्यायचं, कविता टाकायची आणि एकमेकांच्या पाठी थोपटायच्या. दुसऱ्याला 'वा' दिली की आपल्यालाही 'वा' मिळते, असा सगळा देवाणघेवाणीचा मामला. अपवाद एकच, कात्री. कात्री कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. अख्खी कविता छाटते आणि खाली लिहिते, 'एवढी एक ओळ ठेवा.' ज्यांची अशी ओळ उरली, ते ती वर्षभर मिरवतात. बाबांच्या मते ही कात्री म्हणजे कुणीतरी खवट, निवृत्त मास्तर. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करणारी आपलीच मुलगी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळी त्यांनी तिच्याकडूनच खातं उघडून घेतलं, तेव्हा सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हणाले, "त्या कात्रीसाठीच टाकतोय. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा काही लिहिलंय. त्यात काही जीव आहे का, तेवढं परक्या माणसाकडून कळू दे." मग तिनं फक्त टोपणनाव काय घ्यायचं तेवढं विचारलं.

कविता वाईट होती. ढगाआड रडणारा चंद्र होता, अश्रूंचा पूर होता, सुनी सुनी वाट होती. सगळं कुठून कुठून उसनं आणलेलं. आणि मधेच, कुणी चुकून ठेवून गेल्यासारखी एक ओळ होती: 'तुझा चष्मा रोज पुसतो, काचेवर वाफ माझीच.'

तिनं ती पुन्हा वाचली आणि ओट्याची कड घट्ट धरली. आईचा चष्मा अजून कपाटावर आहे, हे तिला माहीत होतं. त्यावर कधी धूळ कशी नसते, हा विचार तिच्या मनात आला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

खाली अभिप्राय यायला लागले. 'डोळे पाणावले.' 'काय लिहिता राव.' जोडलेले हात, फुलं. मग एकानं लिहिलं, 'रडून रडून चंद्राचाही घसा बसला असेल आता.' त्यावर हसरे चेहरे पडत गेले. बाहेर बाबांची खुर्ची करकरली.

तिनं लिहायला घेतलं. 'चंद्र काढा. पूर काढा. वाट काढा. चष्म्याची ओळ तेवढी', इथवर आली आणि तिनं दारातून बाहेर पाहिलं. बाबांनी आज दाढी केली होती. कुणी पाहुणा यायचा असावा तसा इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांची कविता त्यांच्यासमोर आपणच सोलायची, आणि त्या हसणाऱ्यांच्या हातात वर आयतं कोलीत द्यायचं. दिवसभर लोकांचे रिपोर्ट जसेच्या तसे हातावर ठेवणारी ती, पण इथे तिचा हात चालेना. लिहिलेलं तिनं खोडलं आणि नवं लिहिलं: 'अप्रतिम. एकही शब्द बदलू नका.' पाठवून दिल्यावर तिला फार बरं वाटलं.

कट्ट्यावर एकच गंमत उडाली. 'कात्रीला गंज चढला काय?' 'धार बोथट झाली हो.' मग कुणी शहाण्यानं सगळ्यांना समजावलं, 'जाऊ द्या. बायको गेलीय त्या माणसाची. कात्रीलाही मन आहे.'

ती बाहेर आली. बाबांनी फोन पालथा ठेवला होता.

"आलं का कात्रीचं?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"आलं. सगळी ठेवा म्हणतो."

"बघा. मी म्हटलं नव्हतं?"

"सगळी ठेवा म्हणजे ठेवण्यासारखं काहीच नाही गं." ते शांतपणे बोलत होते. "भल्याभल्यांची सालं काढली त्यानं, पण प्रत्येकाची एखादी ओळ तरी शोधली. माझ्यात शोधायलाही गेला नाही. कीव आली त्याला."

ती त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, ती चष्म्याची ओळ आहे ना, ती खरी आहे. बाकी सगळं काढून टाका. एवढी एक ओळ ठेवा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसले. लहानपणी ती पडली की फिरवायचे तसा त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू म्हणणारच, बाळा. तू घरची."

कात्री मीच, हे ती सांगणारच होती, पण थांबली. आता ते सांगितलं असतं, तर कात्रीही घरचीच निघाली असती. मग त्या ओळीला चांगली म्हणणारं परकं कुणी उरलंच नसतं.

बाबांनी फोन उचलून तिच्या हातात दिला.

"ही कविता कुठून काढायची ते मला सापडत नाही. तूच काढ," ते म्हणाले. "आणखी कुणाला दया यायच्या आत."