थॉर्नलेचा नवा धनी

सॅव्हरिकने जेवता जेवता गढीच्या किल्ल्या मागितल्या. हॅविसने कमरेचा जुडगा सोडला आणि त्याच्या ताटाशी ठेवला.

"सगळ्या आहेत?"

"तळघराची अडकते. जरा उचलून फिरवावी लागते."

तो खूश झाला. अशा वेळी बायका रडतात, आकांडतांडव करतात, हे त्याला सवयीचं होतं. ही बाई शहाणी निघाली. हरणाच्या मांसाचा लचका तोडत त्याने राजाचा हुकूम सगळ्यांना पुन्हा ऐकवला. बाईसाहेबांचे यजमान, सरदार बाल्डविन, वेल्सच्या लढाईत पडले. त्यांची विधवा राजाने सॅव्हरिकला दिली आहे. लग्न लागलं की गढी, गिरणी, जंगल सगळं त्याचं.

"बाळंतपण होऊन जाऊ द्या," हॅविस म्हणाली. "मग मी चर्चमध्ये जाऊन शुद्ध होते आणि लग्न लावू. एवढं पोट घेऊन चर्चच्या दारात उभी राहिले, तर लोक तुम्हालाच हसतील."

त्याची माणसं आधी हसली, मग तोही हसला. "थांबतो की. गढी कुठे पळून जातेय!"

सॅव्हरिक मूळचा गास्कनीचा, भाडोत्री फौजांत वाढलेला. चर्चमध्ये तो गेलाच असेल तर लुटायला, असं त्याची माणसं कौतुकाने सांगत. याआधी त्याने एका विधवेशी लग्न केलं होतं. तिच्या आधीच्या घरचा मुलगा लग्नानंतर विहिरीत पडला. पुढे तीही गेली. जमीन सॅव्हरिकला राहिली.

थॉर्नलेची ही गढी हॅविसच्या वडिलांची. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून गढी तिच्याकडे आली आणि गढीबरोबर तिला मागणारेही आले. कोवळ्या वयात वडिलांनी तिला म्हाताऱ्या हॅमोला दिलं. त्याच्या तोंडात दात नव्हते, आणि तो तिला "मुली" म्हणून हाक मारायचा. तो मेल्यावर राजाने तिला बाल्डविनला दिलं. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं. पण वर्षभरात ती दोघं एकमेकांच्या बोलण्यावर हसू लागली, आणि त्याच्या घोड्याच्या टापा ओळखून ती जिन्यात येऊ लागली. तिच्या पोटात आता त्याचं मूल होतं.

पेट्रोनिला आत्याचा मात्र संताप संताप झाला होता.

"किल्ल्या दिल्यास, घोडे दिलेस. आता काय, त्याचे पाय चेपणारेस?"

"म्हणाला तर बघू."

"पोरी, लांडगा आहे तो! त्या विहिरीचं ऐकलं नाहीस?"

"ऐकलंय. म्हणून तर बाळाचा धर्मपिता त्यालाच करणार आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडातून बाळाला तोच उचलेल, नावही तोच ठेवेल."

आत्या उठली, पेटी उघडली आणि बाप्तिस्म्याचं पांढरं कापड शोधू लागली. त्यानंतर तिने कुरकुर केली नाही. उलट सॅव्हरिकच्या ताटात ती आपल्या हाताने चांगला तुकडा वाढू लागली.

सॅव्हरिकला हे कळलं तेव्हा तो जरा चकित झाला. "मी? तुमचे दुसरे कोणी नातेवाईक नाहीत?"

"या पोराचा वाली आता कोण, ते लोकांना दिसू दे की," हॅविस म्हणाली. "आणि गढीच्या वारसाला नाव तुम्ही द्यायचं, मान काय लहान आहे?"

त्याने मिशीवरून हात फिरवला.

बाळंतपण अवघड गेलं. कळा थांबत, पुन्हा येत. त्या वेळी मात्र हॅविस घाबरली. आपण गेलो तर हे मूल या माणसाच्या हाती उघडं पडेल, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळत होतं. तिने दात आवळले. मुलगा झाला. लाल, किरकोळ, पण रडला असा की खाली अंगणातली कुत्री भुंकू लागली.

त्याच दिवशी आत्या बाळाला घेऊन चर्चमध्ये गेली. बाळंतीण अर्थातच अंथरुणात होती. सॅव्हरिक आपली सगळी माणसं घेऊन, नवा झगा घालून आला.

फादर ऑसबर्ट जरा घुटमळले. "सरदार, हे नातं जन्माचं असतं बरं. विचार केलाय ना?"

"केलाय. उरका लवकर, पोर गारठतंय."

फादरनी बाळाला पाण्यात बुडवलं. सॅव्हरिकने त्याला दोन्ही हातांनी वर उचललं आणि फादर सांगतील तशी शपथ घेतली, की आगीपासून, पाण्यापासून मी याला जपीन. मग खड्या आवाजात त्याने नाव सांगितलं, "सॅव्हरिक!" त्याच्या माणसांनी आरोळी ठोकली. बाहेर जमलेल्या गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. थॉर्नले गेली, असंच त्यांना वाटलं.

पोराला घेऊन तो स्वतः जिना चढला. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात सुईण आल्डिथ आडवी उभी राहिली.

"इथे पुरुषांना यायचं नसतं, सरदार."

"मी कोणी परका आहे का? महिन्याभरात तिचा नवरा होणार मी!"

मागून धापा टाकत आलेले फादर ऑसबर्ट खाकरले. "तेवढं मात्र आता होणे नाही. पोराला ज्यानं कुंडातून उचललं, त्याचं पोराच्या आईशी चर्चच्या कायद्यानं रक्ताइतकं सख्खं नातं लागतं. हे लग्न कुठलाही पाद्री लावणार नाही, राजाचा हुकूम असला तरी."

सॅव्हरिक गर्रकन वळला. "नातं? कसलं नातं?"

आतून हॅविसचा आवाज आला, थकलेला, पण हसरा.

"वाट सोड गं, आल्डिथ. भावाला कसली अडवतेस!"